एक गळा, चार खण

माझ्या दुकानात प्रल्हाद शिंदे चार खणांत ठेवलेले असत. एका खणात विठोबा, दुसऱ्यात बाबासाहेब, तिसऱ्यात ढोलकी आणि वरात, चौथ्यात कव्वालीचा मुकाबला. कव्हरावर कधी पंढरीचं देऊळ, कधी दीक्षाभूमी, कधी नऊवारीतली नाचणारी बाई. आत रीळ फिरू लागलं की आवाज तोच: वरच्या पट्टीत सरळ घुसणारा, जरासा खरखरीत, शब्द कुठे तोडायचा आणि कुठे सोडायचा हे पक्कं ठाऊक असलेला. हे खण गिऱ्हाइकांनी पाडले. मी फक्त सुताराकडून फळ्या मारून घेतल्या.

आखाडा बाळापूर हे हिंगोली-नांदेड रस्त्यावरचं गाव. तालुका कळमनुरी, पण आजूबाजूच्या खेड्यांचा बाजार आमच्याकडे. इसापूर धरणाचं पाणी आलं तशी केळी, ऊस आणि हळद आली आणि त्यांच्या मागोमाग ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरवर टेप आला, तेव्हा माझं दुकान चालू लागलं. आधी कॅसेटी, मग सीडी, मग मेमरी कार्ड ‘भरून देणं’. कंपनीवाल्यांना ते भरून देणं कधीच आवडलं नाही, पण त्यांचा माणूस बाळापूरपर्यंत येत नसे. आता मी मोबाइलला काच बसवतो, चार्जर विकतो. तरी हळद शिजवायचे दिवस आले की कुणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन येतोच. रात्रभर शेतात जागायचं असतं, वाफ आणि धूर डोळ्यांत जातो, मजुरांना झोप येऊ द्यायची नसते. “मामा, चांगली गाणी टाका,” एवढंच सांगून माणूस चहाला निघून जातो.

चांगली म्हणजे कोणती, हे ठरवायचं काम माझ्यावर पडतं आणि मला ते आवडतं. आज ते इथे लिहून देतो आहे.

मराठीत सर्वांत जास्त काळ चालू असलेला बँड कोणता, असं मला विचारलं तर मी शिंदे घराण्याचं नाव सांगेन. बँड म्हटलं की आमच्याकडे लाल कोटवाले, वरातीपुढे क्लॅरोनेट वाजवणारे डोळ्यांपुढे येतात. ते जरा बाजूला ठेवा. एका नावाखाली, एका ढंगात, माणसं बदलत पण गाणं न थांबवता जे चाललं आहे त्याला बँड म्हणायला काय हरकत आहे? प्रल्हाद शिंदे 1933 साली जन्मले आणि 2004 च्या जूनमध्ये गेले. त्यांच्यामागे आनंद आणि मिलिंद, त्यांच्यामागे आदर्श, उत्कर्ष आणि भावंडं. बापाचा आवाज ऐकत मोठा झालेला मुलगा आणि आजोबांच्या कॅसेटी ऐकत मोठा झालेला नातू. परदेशात असं काही असतं तर त्यावर जाडजूड पुस्तकं निघाली असती. आपण त्यांना ‘मिरवणुकीतली गाणी’ म्हणून मोकळे झालो.

मला खटकतं ते मात्र दुसरंच. हे घराणं आपण अजून एकत्र ऐकलेलंच नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक हळदवाला शेतकरी दुकानात आला. पंढरीच्या गाण्यांची कॅसेट मागितली. ती शोधताना माझ्या हातात शेजारच्या खणातली निळी कॅसेट आली, तिच्यावरचं नाव त्यानं वाचलं. म्हणाला, “ह्यो जयंतीतला शिंदे अन् आपला पंढरीवाला शिंदे येगळाले आसतील ना?” मी म्हणालो, “एकच हाय की दादा.” तो थोडा वेळ कव्हराकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आवाज बाकी सारखाच वाटायचा.” घेतली मात्र एकच, पंढरीची.

उलटंही व्हायचं. एप्रिल जवळ आला की जयंती मंडळाची पोरं यायची. त्यांना भीमगीतांच्या खणातलं सगळं तोंडपाठ. मी सहज टेपवर प्रल्हाद शिंद्यांचं विठ्ठलाचं गाणं लावलं की कुणीतरी चेहरा वाकडा करायचा. एकानं तर सरळ विचारलं, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजातला माणूस हे गातोच कशाला? प्रश्न वावगा नव्हता. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात जी धम्मदीक्षा झाली ती ज्यांच्या घरात श्वासासारखी आहे, त्यांना तो विचारायचा हक्क आहे. मी कोणत्या वस्तीतला, हे इथे सांगत नाही. गावातल्या लोकांना ते माहीत आहे, आणि दुकानात आलेल्या नव्या गिऱ्हाइकानं ते आडून आडून विचारलं नाही असा महिना जात नाही.

या विषयावर लिहायचं माझ्या डोक्यात आलं ते एका जपानी बँडमुळे.

दुकानात काच बसवायला एक पोरगा आहे. कानात इअरफोन, मान हलते, हात मात्र स्थिर. काच बसवताना एक बुडबुडा राहू देत नाही, म्हणून मी काही बोलत नाही. एकदा विचारलं, “काय ऐकायलास रे?” म्हणाला, “जपानी हाय मामा. नारुतोतलं.” नारुतो हे जपानी कार्टून, इथल्या पोरांना हिंदीतून भेटलं. त्यातलं एक गाणं गाणारा बँड म्हणजे एशियन कुंग-फू जनरेशन. योकोहामातल्या कांतो गाकुइन विद्यापीठात 1996 मध्ये चार पोरांनी काढलेला आणि तीच चार माणसं घेऊन आजही चालू असलेला. गोतो नावाचा चष्मेवाला गातो. जपान म्हणजे माझ्या लेखी टीडीके आणि सोनीच्या कोऱ्या कॅसेटी, नव्वद मिनिटांची साठवालीपेक्षा महाग. त्या देशाचं गाणं बाळापुरात, काच बसवणाऱ्याच्या कानात शिरेल, असं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

गाणं कानावर पडलं तेव्हा गिटारी फार आणि ओरडणं फार, असं वाटलं. पण पोरगं हट्टाला पेटलं. त्यानं मला यादी करून दिली: हे आधी ऐका, हे नंतर, हे अजिबात नका ऐकू. मला तिथं गंमत वाटली. एवढी वर्षं मी लोकांना यादी देत होतो, आता मला कुणीतरी देत होतं. म्हणून मन लावून ऐकलं.

त्याच्या यादीतलं मुख्य म्हणजे 2004 चा ‘सोल्फा’ नावाचा अल्बम. या बँडनं तोच अल्बम, तीच गाणी, 2016 मध्ये पुन्हा पहिल्यापासून गाऊन काढला. बारा वर्षांनी, तीच चार माणसं. पोरानं मला दोन्ही ऐकवले. शब्द एक कळत नाही, तरी फरक कळतो. पहिल्या वेळी गाणारा ड्रमच्या पुढे पळतो आहे, त्याला कुठेतरी पोचायची घाई आहे. दुसऱ्या वेळी तो रस्ता ओळखीचा असल्यासारखा गातो. पोराला दुसरा आवडतो, मला पहिला. यावर आमचं दुकानात भांडण होतं आणि गिऱ्हाईक खोळंबतं.

दुसरी गोष्ट मला फार आवडली. कामाकुरा या समुद्रकाठच्या जुन्या शहराकडे एक छोटी रेल्वे जाते, दहा किलोमीटरची, पंधरा स्टेशनांची. या बँडनं 2008 मध्ये त्या स्टेशनांच्या नावांची गाणी केली. काही स्टेशनं राहून गेली होती. ती 2023 मध्ये पूर्ण केली आणि पंधराच्या पंधरा गाण्यांचा अल्बम काढला. मी पोराला म्हणालो, आपल्याकडे कुणी असं केलं तर? कळमनुरी, बाळापूर, वारंगा फाटा, डोंगरकडा, अर्धापूर, नांदेड. प्रत्येक फाट्याला एक गाणं. वारंग्याचं तर दोन लागतील, कारण तिथं नागपूरहून तुळजापूरला जाणारा रस्ता येऊन मिळतो आणि निम्मा मराठवाडा एसटीची वाट बघत तिथं उभा असतो. पोरगं म्हणालं, “फाट्याचं गाणं कोण ऐकतंय मामा?” मी म्हणालो, जपानी लोक ऐकतात की.

यावर मी जरा विचार केला. हे पोरगं जपानी बँड अख्खा ऐकतं. ओरडायची गाणी, हळू गाणी, स्टेशनांची गाणी, सगळी. 2022 मध्ये ‘बोची द रॉक’ म्हणून एक कार्टून आलं. त्यातल्या चार मुलींची आडनावं या बँडच्या चौघांवरून घेतलेली आहेत, हे त्याला माहीत आहे. कुणाचं गाणं, कधीचं, दुसऱ्यांदा कधी गायलं, सगळं त्याच्या ओठांवर. आणि ज्या आवाजावर याचा बाप, आजा आणि गल्ली वाढली, तो आवाज त्याला फक्त एका खणापुरता माहीत आहे. जपानी माणूस देवाचं गातो की कुणाचं गातो, हे त्याला आड आलं नाही. इथे मात्र आड येतं.

फोनही तेच करतो. विठ्ठलाचं गाणं लावलं की पुढे भजनामागून भजन येतं, भीमगीत येत नाही. भीमगीत लावलं की भजन येत नाही. माझ्या सुताराच्या फळ्या फोनमध्येही बसवलेल्या आहेत आणि त्या कुणी मारल्या ते दिसतही नाही.

म्हणून आता माझी यादी. क्रमानं ऐका, निदान एकदा तरी.

सुरुवात प्रल्हाद शिंद्यांच्या कव्वालीपासून करा. लोक भक्तिगीतापासून करतात आणि तिथंच थांबतात. कव्वालीत हा गळा कसा घडला ते कळतं. एका बाजूला एक पार्टी, दुसऱ्या बाजूला दुसरी, मध्ये रात्रभर बसलेली माणसं, आणि सवालाला जवाब. मुंबईच्या चाळींपासून मराठवाड्याच्या पटांगणांपर्यंत हा मुकाबला चालायचा. विठ्ठल उमप, श्रावण यशवंते ही माणसं त्याच मैदानातली. तिथं माइक वाईट असायचा, कधी नसायचाच. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा तर गळा वर न्यावा लागतो आणि शब्द फोडून म्हणावा लागतो. पुढे देवाची गाणी गाताना त्यांचा प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येतो तो या तालमीमुळे, असं माझं मत आहे. संगीतातल्या जाणकारांनी वेगळं सांगावं, मी ऐकेन.

मग ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ लावा. शब्द दत्ता पाटलांचे, चाल मधुकर पाठकांची. हे तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. लग्नाच्या मांडवात, एसटीत, आषाढीच्या दिवसांत चहाच्या टपरीवर. आता हे लक्षात ठेवून ऐका. शिंदे घराणं मूळचं मंगळवेढ्याचं. मंगळवेढा ही संत चोखामेळ्याची भूमी. गावकुसाचं बांधकाम करताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले, असं परंपरा सांगते. त्यांची हाडं गोळा करून पंढरपुरी नेली ती नामदेवांनी. हाडांतून विठ्ठलाचा नाद येत होता, त्यावरून ती ओळखली म्हणतात. समाधी दिली ती महाद्वाराशी, देवळाबाहेर. ते नामदेव आमचे. आमच्या हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे नामदेवांचं गाव, बाळापूरहून सकाळी निघालं तर दुपारच्या आत दर्शन घेऊन परत येता येतं.

आणखी एक. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये उपोषणाला बसावं लागलं. तेव्हा प्रल्हाद शिंदे चौदाएक वर्षांचे असतील. म्हणजे ज्या वाटेचं गाणं अख्ख्या महाराष्ट्रानं त्यांच्या तोंडून ऐकलं, त्या वाटेच्या शेवटचं दार त्यांच्या लहानपणी त्यांच्यासारख्यांना बंद होतं. मंगळवेढ्याहून पंढरपूर काही लांब नाही. हे कळल्यावर त्या गाण्यातला चालण्याचा ठेका मला वेगळा ऐकू येऊ लागला. जयंतीच्या पोरांनी विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर आहे असं मी म्हणणार नाही. पोट भरायला गाणाऱ्या माणसाला कंपनी जे देते ते गावं लागतं, हेही खरं आहे. पण पंढरीच्या खणातून गाणं घेणाऱ्यानं हे जाणून घ्यायला हवं की ज्या घरात सत्यनारायणाची पूजा चालू आहे आणि टेपवर प्रल्हाद शिंदे कथा गात आहेत, त्या घरात त्यांना स्वतःला कुठपर्यंत बसू दिलं असतं.

मग थांबून भीमगीतांकडे जा आणि वामनदादा कर्डकांचे शब्द शोधा. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस, अक्षरओळख झाली तीही मोठेपणी. नंतर जन्मभर गावोगाव फिरून हजारो गाणी लिहिली. मराठवाड्यात त्यांचा मुक्काम झाला नाही असं बौद्धवाडा असलेलं गाव सापडणं अवघड. त्यांची गाणी सगळ्यांनी गायली, शिंद्यांनीही. वामनदादांची जी गाणी मी पहिल्यांदा ऐकायला देतो ती जयजयकाराची नाहीत. आपल्याच माणसांना खडसावणारी आहेत, बाबासाहेबांचं नाव घेणारे खरे किती, असं विचारणारी. वामनदादा मे 2004 मध्ये गेले, प्रल्हाद शिंदे त्यानंतर जूनमध्ये. त्या पावसाळ्याच्या तोंडाला माझ्या दुकानात दोन्ही खणांवरची धूळ झटकली गेली. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार 14 जानेवारी 1994 ला झाला त्यानंतर एवढी झटकली गेली नव्हती.

त्यापुढे आनंद-मिलिंद. इथं मी पोपटाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. नवीन पोपटाच्या गाण्याची ती कॅसेट आली आणि कोऱ्या कॅसेटी कमी पडल्या. डबल डेकचं हेड स्पिरिटनं पुसून पुसून माझी बोटं पांढरी झाली. शिकलेल्या लोकांनी नाकं मुरडली. त्या लाटेमागून जी दुहेरी अर्थाची गाणी आली त्यांतली बरीचशी टाकाऊच होती, मीही ती विकली आणि ती आज मी कुणाच्या पेन ड्राइव्हमध्ये टाकत नाही. पण पोपट वेगळा. त्यातला ठेका घट्ट आहे आणि आनंद शिंद्यांचं हसू त्या आवाजात ऐकू येतं. आपल्या बापापेक्षा वेगळं काय, हे त्यांना तिथं सापडलं. बाप समोरच्याला थेट सांगतो, मुलगा डोळा मिचकावून सांगतो. ‘जत्रा’ सिनेमात अजय-अतुलनं त्यांच्याकडून कोंबडी पळवली ती हा मिश्किलपणा ओळखून. मिलिंद शिंद्यांचा आवाज जास्त भरीव आहे आणि लोक त्यांना कमी ऐकतात. माझ्याकडून यादी घेणाऱ्याला मी मिलिंदची दोन भीमगीतं न विचारता टाकून देतो.

तिसरी पिढी म्हणजे आदर्श. 2013 च्या ‘दुनियादारी’त देवाशी त्याच्या गाभाऱ्याबद्दल बोलणारं गाणं यानं म्हटलं आणि कॉलेजातल्या पोरांना हे आडनाव नव्यानं कळलं. आवाजाला खोली आहे, ताकद आहे. तक्रार आहे ती त्याच्या गाण्यांमागच्या वाद्यांबद्दल. आजोबांच्या मागे एक पेटी, एक ढोलकी, एक बेंजो आणि टाळ्या असत, म्हणून गळा पुढे यायचा. आता गळ्यावर एवढं सामान लादतात की त्याला त्यातून वाट काढावी लागते. संधी मिळाली तर आदर्शनं आजोबांची दहा गाणी निव्वळ ढोलकी आणि पेटीवर पुन्हा म्हणावीत, जपानी पोरांनी ‘सोल्फा’ पुन्हा म्हटला तसं. ती कॅसेट आधी आजोबांची आणि मग नातवाची, अशी लागोपाठ ऐकायला मला आवडेल. कॅसेट म्हणालो, काय निघेल ते निघो.

यादीत मी मुद्दाम शेवटी ठेवतो ते गाणं म्हणजे ‘आवाज वाढव डीजे’. 2016 च्या ‘पोश्टर गर्ल’ सिनेमातलं, आनंद-आदर्श या बाप-लेकांनी मिळून म्हटलेलं. गाणं फक्कड आहे, हे आधी सांगतो. पण या गाण्याची आज्ञा आमच्या गावानं जरा जास्तच मनावर घेतली. 21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमाराला आमच्याकडे भूकंप झाला, 4.5 रिश्टरचा, केंद्र आमच्याच तालुक्यात. लोक अंथरुणातून रस्त्यावर आले. शेजारचा एक जण मला म्हणाला, आधी वाटलं कुणाच्या हळदीचा डीजे आला. पत्रा थरथरला, भांडी वाजली, तर माणसाला आधी डीजे आठवतो, इतकी सवय झाली आहे. कायद्यात रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45, दहानंतर बंद, असं 2000 सालापासून लिहिलेलं आहे. कागदावर.

डीजेला माझा विरोध कानांसाठी आहेच, पण त्याहून गाण्यासाठी आहे. त्या भिंतीएवढ्या बॉक्समधून खालचा धप्प आवाज येतो आणि शब्द मरतो. प्रल्हाद शिंदे हा शब्दांचा गवई. वामनदादांचा खडसावणारा सवाल धपधपीत बुडाला की मिरवणुकीतली पोरं त्यावर नाचतात, आणि सवाल कुणाला केला होता हे कुणालाच कळत नाही. जयंतीला आणि गणपतीला आमच्याकडे एकच साउंडवाला येतो. तो गाडी एकाच रस्त्यानं नेतो, बॉक्स तेच लावतो, भाडंही तेच घेतो. खण तेवढे वेगळे.

एक मागणी आहे, आणि ती अवघड नाही. कॅसेटच्या आतल्या कागदावर गीतकाराचं, संगीतकाराचं, गायकाचं नाव छापलेलं असे. अक्षर बारीक, पण असे. त्या कागदावरूनच मला कळलं की हरेंद्र जाधव या एकाच माणसानं गणपतीची गाणी लिहिली आणि भीमगीतंही लिहिली. गणेशोत्सवात दरवर्षी आरतीनंतर जे वाजतं ते ज्यानं लिहिलं, त्याचीच गाणी चौदा एप्रिलला वाजतात. म्हणजे खणांच्या फळ्या लिहिणाऱ्यानंही मानल्या नाहीत. मेमरी कार्ड आलं आणि तो कागद गेला. कार्डात गाण्याचं नाव ‘ट्रॅक 07’ असतं, नाहीतर गाणं चढवणाऱ्या कुणा भलत्याच पोराचं नाव. मंडळांच्या माइकवर वर्गणीदारांची नावं दोन-दोन तास वाचली जातात, तिथं गाण्याआधी लिहिणाऱ्याचं आणि गाणाऱ्याचं नाव घ्यावं. परभणी आणि नांदेडच्या आकाशवाणीवर निवेदक नावं घेतात, आणि ती ऐकत ऐकतच माझ्यासारखे दुकानदार शहाणे झाले. जपानमधल्या गाण्यांच्या दुकानांत काम करणारी माणसं हातानं चिठ्ठ्या लिहून कपाटाला लावतात म्हणे, हा अल्बम का ऐकावा म्हणून. पोरानं मला फोटो दाखवला.

तेव्हापासून दुकानात मीही चिठ्ठी देतो. पेन ड्राइव्ह भरला की सोबत वहीचा अर्धा कागद: गाणं, शब्द कुणाचे, चाल कुणाची, आवाज कुणाचा. कव्वाली, पंढरी, भीमगीत, पोपट, सगळं एकाच पेन ड्राइव्हमध्ये, एकामागून एक. पंढरी मागायला आलेल्यालाही आणि जयंतीची मागायला आलेल्यालाही. काहींनी परत आणून दिलं, “मामा, हे आमचं नाही, दुसऱ्याचं टाकलंय.” मी म्हणतो, तुमचंच आहे. त्यातले काही चिडतात. एकानं परवा परत आणलं आणि म्हणाला, त्यातलं सातवं गाणं कुणाचं ते चिठ्ठीत वाचता येत नाही, तुमचं अक्षर सुधरा.